गटाच्या बैठकीत बीपी, हिमोग्लोबिन आणि दवाखान्याचं कर्ज: तुमच्याकडे काय अनुभव?

कोषाध्यक्षबाई

नमस्कार मंडळी. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात. गावात उमेदचे, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे बचत गट आहेत, ते सगळे मिळून त्यांचा ग्रामसंघ आहे. मी एका गटाची कोषाध्यक्ष, म्हणजे पेटी माझ्या घरी आणि भांडणंही माझ्याच घरी.

मागच्या सभेत एक विषय निघाला आणि त्यावरून सध्या दोन तट पडलेत. महिन्यातून एका बैठकीत, वसुली झाली की अर्धा तास आरोग्याला द्यायचा. उपकेंद्राच्या सिस्टर येऊन बीपी, हिमोग्लोबिन बघतील. शिवाय दवाखान्यासाठी कर्ज लागलं तर बैठकीची वाट न बघता त्याच दिवशी द्यायचं आणि व्याज कमी लावायचं. आमचं अंतर्गत कर्ज शेकडा दोनने चालतं, दवाखान्याला एक करावं असं काहींचं म्हणणं.

एक तट म्हणतो, दशसूत्रीत, म्हणजे गटाच्या दहा नियमांत, आरोग्य आहेच, ते काय नुसतं बैठकीच्या सुरुवातीला म्हणायला ठेवलंय का? दुसऱ्या तटाचं म्हणणं, गट पैशासाठी काढलाय, दवाखाना सरकारचं काम. बाई आजारी म्हणून हप्ता थकला तर तिला विचारायचं कुणी? एक आजी तर उठून म्हणाल्या, "रक्त तपासणार, आकडा कमी निघाला की मला कर्ज नाही म्हणणार, कळतंय मला." सगळ्या हसल्या. मला मात्र आजींचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही.

मी स्वतः करावं या बाजूची आहे. पण कुठे असं केलं असेल तर कसं चाललं आणि कुठे अडलं ते सांगा.

खडूस_काका

आधी आरोग्य केंद्रात डॉक्टर जागेवर सापडू दे, मग गटात बीपी बघा. सरकारचं ओझं बायकांच्या डोक्यावर ठेवायची नवी युक्ती, दुसरं काही नाही.

रानजाई

मी यवतमाळकडे बरीच वर्षं माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळ) सहयोगिनी, म्हणजे गटांना मदत करणारी कार्यकर्ती होते. काका, डॉक्टर हवाच, त्यात वाद नाही. पण दवाखाना गटात आधीपासूनच आहे, वहीत तेवढा दिसत नाही.

कोषाध्यक्षबाई, कर्जाच्या कारणाचा रकाना काढून बघा. शेती, किराणा, शाळेची फी, घरदुरुस्ती. मग एखादीला शांतपणे विचारा, बाई, खताला घेतलेल्या पाच हजारांचं खरं काय झालं? बऱ्याचदा त्यातून सासऱ्याचा एक्स-रे निघतो, पोराचा टायफॉइड निघतो, नाहीतर तिचं स्वतःचं कित्येक महिने अंगावर काढलेलं दुखणं. कारण ती लपवते, कारण आजारपणाला दिलेला पैसा बुडाला असं गटाला वाटतं. शेळीला दिला तर निदान शेळी दिसते तरी.

नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकेला जोडायचं ठरवलं, तेव्हापासून आपण सांगत आलो की गटामुळे सावकार सुटेल. बाई सावकाराच्या दारात जाते कशाला? पेरणीला आणि आजारपणाला. पेरणीसाठी पीककर्जाची वाट तरी आहे. रात्री दहाला पोर तापाने फणफणलं तर एकतर सावकार, नाहीतर गटाची पेटी. ग्रामसंघाला जोखीम प्रवणता निधी, म्हणजे अडीअडचणीसाठीचा पैसा, मिळतो तो याचसाठी. तुमच्याकडे आलाय का? आला असेल तर आधी तो वापरा.

कोषाध्यक्षबाई

आलाय हो ताई, बँकेत पडून आहे. काढायला सह्या लागतात आणि सहीवाली एक पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. तोवर कुणी आजारी पडायचं नाही.

कंत्राटी_डॉक्टर

काकांना मीच उत्तर देतो, 'जागेवर न सापडणारा' तो मीच. निकष ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात २०,०००ला एक. ओपीडी, लसीकरण, शाळातपासणी, शिवाय ऑनलाइन माहिती भरणं. खुर्ची रिकामी दिसली तर मी शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरशी झगडत असतो.

आता मुद्दा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हाच आकडा ४८ होता. यातली माझ्यापर्यंत येते कोण? गरोदर असेल ती. बाकीच्यांना थकवा हे दुखणं वाटतच नाही. 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणतात आणि कामाला लागतात.

लोहाची गोळी आहे, फुकट आहे, वाटलीही जाते. खाल्ली जात नाही. शौचाला काळं होतं, पोट धरतं, मळमळतं, की पाकीट फळीवर जातं. मी दोन मिनिटांत कितीही समजावलं तरी पटत नाही, पण बैठकीत शेजारीण म्हणाली, "मला पण काळं झालं, काही होत नाही, रिकाम्या पोटी घेऊ नको आणि लगेच वर चहा पिऊ नको", तर पटतं. माझ्या मते गटाचा खरा उपयोग इथे आहे. बीपीचं मशीन त्याच्या नंतर.

मिसळ_कट

चहा नको म्हणे! डॉक्टर, तुम्ही गट मोडायला निघालात.

कंत्राटी_डॉक्टर

तासभर मागेपुढे घ्या हो. गट वाचेल, लोहही वाचेल.

निंबोणी

आमच्या गटात माझी सासू, चुलतसासू आणि जाऊ आहेत. मी तिथे बसून काय सांगू? अंगावर पांढरं जातंय म्हणून? बैठक सुटायच्या आत ते माझ्या माहेरी पोचलेलं असेल. बीपी ठीक आहे, बाकीचं सगळ्यांसमोर बोलायचं म्हटलं तर मी त्या बैठकीला दांडी मारेन आणि वर दंड भरेन.

रानजाई

निंबोणी, अगदी बरोबर बोललीस. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली होती, १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्यासाठी आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे तुझ्या गटात तुझी सासू, चुलतसासू आणि जाऊ यांनाही त्रास असण्याची शक्यता दांडगी आहे, आणि त्याही तुझ्यासमोर गप्प बसल्यात.

आम्ही यवतमाळला एक करायचो. बैठकीत बोलायचं ते सगळ्यांना लागू पडेल असंच. 'कुणाला होतंय' हे विचारायचंच नाही. आणि शेवटी सांगायचं, अमुक दिवशी नर्सबाई उपकेंद्रात दुपारी थांबणार आहेत, कुणाला बोलायचं असेल तर जा. दोघी-तिघी सरपण आणायला म्हणून निघायच्या आणि तिकडे जाऊन यायच्या.

आशाची_लेक

या अर्ध्या तासाचे पैसे कुणाला मिळणार, ते सांगा. माझी आई आशा आहे. २००५ला योजना आली त्यानंतर थोड्याच दिवसांत लागली. तिला कामानुसार मोबदला, कागदोपत्री 'स्वयंसेविका'. प्रसूतीला सोबत जा, लसीकरणाला पोरं गोळा कर, क्षयरोगाची पाहणी कर, कुष्ठरोगाची कर, मोबाइलमध्ये भर. आता ग्रामसंघाने ठराव केला की शनिवारी तिने गटातही यायचं. नाही म्हटलं तर गावात तोंड वाईट. सिस्टर येतील म्हणता, त्यांच्याकडे पाच हजार लोकसंख्येचं उपकेंद्र असतं. त्या एकदा येतील, दोनदा येतील, मग म्हणतील आशाला पाठवते.

खडूस_काका

बघा, मी काय म्हणत होतो.

रानजाई

आशाची_लेक, खरंय. ग्रामसंघ जोखीम निधीवर व्याज मिळवतो, त्यातून बैठकीमागे आशाताईंना काही द्यायचा ठराव करता येतो. आम्ही मांडला होता. "तिला सरकार देतंय की" म्हणून बायकांनीच पाडला. बायकाच बायकांना फुकट राबवतात हे लिहायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

बालाघाटचा_वारा

बीडचा माणूस आहे म्हणून लिहितो, जरा लांबेल.

दवाखान्याला कमी व्याजाचं कर्ज ऐकायला गोड वाटतं. आमच्याकडे काय झालं ते आठवा. ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, २०१९ला सरकारने समिती नेमली, डॉ. नीलम गोऱ्हे अध्यक्ष. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक पस्तीस-चाळिशीच्या आतल्या. अंगावरून जातंय, कंबर दुखतेय म्हणून खासगी दवाखान्यात गेली, सोनोग्राफी केली, 'कॅन्सर होईल' म्हणून घाबरवलं, आठवड्यात ऑपरेशन. फडावर पाळीच्या दिवसांत ना आडोसा ना पाणी, एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. बाईलाही वाटतं, जाऊ दे, कटकट गेली.

आणि ऑपरेशनला पैसा कुठून? मुकादमाची उचल. म्हणजे पुढचा हंगामही गहाण. तिथे उद्या गटाने सांगितलं की ऑपरेशनला शेकडा एकने मिळेल आणि त्याच दिवशी मिळेल, तर तसल्या दवाखान्याला आणखी काय पाहिजे? सहज मिळणारा पैसा नको त्या ऑपरेशनला वाट करून देतो. गटाच्या बैठकीत मोफत शिबिर घ्यायला येणारेही बघितलेत मी. बीपी फुकट, सोनोग्राफी अर्ध्या दरात, पुढचं सगळं त्यांच्या दारात. नाव घेत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

माझं म्हणणं, तातडीचं सोडून कुठल्याही ऑपरेशनच्या कर्जाआधी उपजिल्हा नाहीतर जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरचा कागद मागा. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरचेही पैसे घेत नाहीत.

कोषाध्यक्षबाई

दादा, हे आमच्या सभेत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन्ही तटांच्या नाही.

कंत्राटी_डॉक्टर

बालाघाटदादांना पूर्ण अनुमोदन. अंगावरून जाण्याची बरीच कारणं गोळ्यांनी बरी होतात. आणि कॅन्सरच्या भीतीचं म्हणाल तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कशी करावी हे जगाला दाखवून देणारा एक मोठा अभ्यास कोषाध्यक्षबाईंच्याच जिल्ह्यात झालाय. तेव्हाचा उस्मानाबाद. मुंबईचं टाटा आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांनी १९९९पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास केला. २००९ला निष्कर्ष छापून आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणीनेही त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एवढ्या बायका गावागावातून तपासणीला आणायच्या म्हणजे काय काम असेल! आज व्हिनेगरसारखं द्रावण लावून करायची साधी तपासणी तिशीनंतर सरकारी केंद्रात मोफत करायची सोय आहे. टेबल आहे, द्रावण आहे, बायका येत नाहीत. एका गटाच्या आठ-दहा जणी मिळून आल्या तर मी कॉम्प्युटर बंद करून बसतो.

शून्य_व्याज

मी पुण्यात बँकेत आहे. एका गोष्टीपासून सावध राहा, ती म्हणजे सक्ती. हैदराबादच्या एसकेएस या मायक्रोफायनान्स, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीने कर्नाटकात खेड्यांतल्या कर्जदार बायकांना आरोग्यविमा सक्तीचा केला होता. त्यावर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रिचर्ड हॉर्नबेक यांचा अभ्यास आहे. विमा नको म्हणून बायकांनी कर्जच पुढे घेतलं नाही, पुन्हा कर्ज घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्के-बिंदूंनी घसरलं. कागदावर विमा फायद्याचा होता. पण कार्ड हातात पडलं नाही, दावा कसा करायचा ते कळलं नाही, आणि हप्त्यातून पैसे मात्र कापले गेले.

उलट अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने १९९२पासून विमा चालवलाय, तिथे संघटना आधीची, बँकही आधीची, आणि दावा कसा करायचा हे सांगायला त्यांच्यातलीच बाई दारात येते.

मिसळ_कट

विम्याच्या एजंटने दारात आलेलं कुणाला आवडतं म्हणे?

हप्ता_सोमवारी

मी मायक्रोफायनान्समध्ये फील्डवर काम करतो. इथे सगळे गट आणि कंपनी एकाच पोत्यात भरतायत म्हणून लिहितो. गटात पैसा बायकांचा असतो, बैठक त्यांची असते. आमच्याकडे आम्ही सकाळी सातला जातो, वीसेक मिनिटांत वसुली करतो आणि पुढच्या सेंटरला पळतो. वरून सांगतात, आरोग्याचा संदेशही द्या. मी हात धुवायच्या सात पायऱ्या सांगतो, बायका खाली बघून पैसे मोजतात. त्या म्हणतात, साहेब, आटपा, मजुरीला जायचंय. ज्याच्या हातात वसुलीची यादी आहे त्याला कुणी मनातलं सांगत नाही. मी सांगितलं नसतं.

पण एक सांगतो. थकणाऱ्या हप्त्यांमागे आजारपण किती असतं हे आमच्याइतकं कुणाला दिसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमाने कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. घरातलं कुणी झोपलं की उत्पन्न निम्मं होतं आणि हप्ता तेवढाच राहतो. ते नियमात कुठे बसवणार?

शिकागोकर

आमचं मित्रमंडळ बीपीची मशीनं पाठवायला तयार आहे. किती लागतील?

आशाची_लेक

दादा, मनापासून धन्यवाद. मशीन आईकडे आहे. सेल नाहीत. सेल पाठवा.

खडूस_काका

सेल शिकागोहून! काका गार.

ढाका_रिटर्न

कामानिमित्त बांगलादेशात राहून आलो. तिथे ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने हेच केलं, फार मोठ्या प्रमाणावर. कर्जाच्या गटांतल्याच बायका निवडून त्यांना 'स्वास्थ्य सेविका' केलं. पगार नाही. ओआरएस, साध्या गोळ्या, आयोडीनचं मीठ, सॅनिटरी पॅड घरोघर विकायचे आणि वरचे पैसे ठेवायचे. क्षयरोगात त्यांची कामगिरी खरोखर मोठी. उपचार सुरू करताना रुग्णाकडून थोडी अनामत घ्यायची, कोर्स पूर्ण झाला की त्यातलं काही त्याला परत, काही सेविकेला. दोघांनाही शेवटची गोळी संपवण्यात रस.

पण ज्यांची विक्री झाली नाही त्या सोडून गेल्या, गळती हे तिथलं कायमचं दुखणं. आणि विकूनच खायचं असेल तर पाय विकत घेणाऱ्याच्या दारी आधी जातात. सर्वात गरीब घराकडे ना गट जातो ना सेविका.

रानजाई

याला दुसरी बाजू आपल्या जामखेडची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०ला काम सुरू केलं तेव्हा गाडी उलटीकडून आली. आधी आरोग्य. गावातलीच बाई, कित्येकदा दलित, कित्येकदा निरक्षर, तिला शिकवून ग्राम आरोग्य सेविका केलं, तिच्याभोवती महिला मंडळं उभी राहिली. पैशाने जमलेल्या बायका आरोग्यावर बोलायला वेळ लावतात. आरोग्याने जमलेल्या पैशावर लगेच बोलतात, असा माझा अनुभव. निदान तिथे बाईची किंमत तिच्या परतफेडीवर ठरत नव्हती.

निंबोणी

आणि ज्या गटातच नाहीत त्यांचं काय? आमच्या वस्तीतल्या दोघी बचतीचे महिन्याचे शंभर रुपये जमत नाहीत म्हणून बाहेर आहेत. बीपी त्यांना नसतं का?

शून्य_व्याज

महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे ना, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. मग गटाने कर्ज द्यायचंच कशाला?

बालाघाटचा_वारा

साहेब, ती ठरलेल्या उपचारांना, ठरलेल्या रुग्णालयात. ओपीडीच्या गोळ्या, तपासण्या, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी त्यात येत नाही. आमच्याकडची घरं ह्याच खर्चाने खचतात. पण मुद्दा घ्यायचा तर असा घ्या की गटाने कर्ज देण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, फोन करायचा आणि हे योजनेत बसतं का ते विचारायचं.

कोषाध्यक्षबाई

सगळं सभेत वाचून दाखवलं. सेलचा विनोदसुद्धा. काल ठराव झाला.

बैठकीत बोलणं होणार, तपासणी उपकेंद्रात, तीही गटाबाहेरच्या बायकांना घेऊन. आजींचं म्हणणं सगळ्यांनी मान्य केलं: हिमोग्लोबिनचा आकडा गटाच्या कुठल्याही वहीत येणार नाही, कार्ड ज्या त्या बाईच्या घरी. दवाखान्याचं कर्ज शेकडा एकने, आणि वहीत कारण नुसतं 'तातडी' लिहायचं. ऑपरेशनला सरकारी डॉक्टरचा कागद, यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. दोघी म्हणाल्या, आमच्या शरीराला आम्ही कागद का आणायचा? त्यांचंही चूक वाटलं नाही मला. शेवटी ठरलं की कागद नसेल तरी कर्ज मिळेल, पण नेहमीच्या शेकडा दोनने. आशाताईंच्या मानधनाचा विषय पुढच्या सभेवर गेला.

आशाची_लेक

पुढच्या सभेवर. बरं.

खडूस_काका

गटाबाहेरच्यांना घेतलंत हे आवडलं. बाकी मत तेच.

कंत्राटी_डॉक्टर

मंगळवारी दुपारी ओपीडी कमी असते, तेव्हा या. हिमोग्लोबिनच्या पट्ट्या डबीत घट्ट झाकण लावून ठेवायला सिस्टरना सांगा. उघड्या राहिल्या की ओल धरतात आणि भलतेच आकडे दाखवतात.

झाडीपट्टी

उशिरा आलो. आमच्याकडे सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. रक्त कमी निघालं की सरसकट लोहाची गोळी द्यायची का?

कंत्राटी_डॉक्टर

सरसकट नको. तुमच्या भागात आधी सिकलसेलची तपासणी. नुसती वाहक असेल आणि लोह कमी असेल तर गोळी चालते. आजार असेल तर रक्तातलं लोह तपासल्याशिवाय देऊ नका, रुग्णालयात पाठवा. तुमच्याकडे गटांमार्फत काही करत असाल तर इथेच लिहा, वाचतोय.